पायरी रक्तात सापडत नाही

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल एक युक्तिवाद हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. कर्करोगाची गाठ रक्तात काही प्रथिनं सोडते. रोग जसजसा वरच्या पायरीवर जातो तसतशी या प्रथिनांची पातळी बदलते. ही प्रथिनं हेरता आली, की दंडातून काढलेल्या चार-पाच मिलिलिटर रक्तावरून रोग आहे का आणि असल्यास कितव्या पायरीवर आहे, हे सांगता येईल. मग आतून तपासणी नको, त्या तपासणीची लाज नको, एमआरआयसाठी शहराच्या चकरा नकोत. यापुढचं वाक्य ठरलेलं असतं: मराठवाड्यासारख्या भागाला नेमकी याचीच गरज आहे. या युक्तिवादातलं पहिलं विधान खरं आहे, दुसरं अर्धंमुर्धं खरं आहे आणि शेवटचं साफ चुकीचं आहे. तो मांडणारी माणसं लबाड नाहीत. त्यांत प्रयोगशाळेत आयुष्य घालवणारे संशोधक आहेत, आणि बायका तपासणीला येत नाहीत म्हणून हताश झालेले डॉक्टरही आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायचं तर ते पुराव्यानिशी द्यायला हवं.

सुरुवात 'पायरी' या शब्दापासूनच करावी लागेल, कारण सगळा घोळ तिथे आहे. या रोगाच्या पायऱ्या 'फिगो' ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना ठरवते. तिची सध्याची मांडणी २०१८ची आहे. रोग गर्भाशयमुखापुरताच असेल तर पहिली पायरी. तो योनीच्या वरच्या भागात किंवा गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊतींत शिरला असेल तर दुसरी. कमरेच्या हाडापर्यंत पोचला, योनीच्या खालच्या तिसऱ्या भागात उतरला, मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड फुगवलं किंवा लसिकाग्रंथींत शिरला तर तिसरी. मूत्राशय, गुदाशय किंवा दूरचा अवयव गाठला तर चौथी. हे ठरवतात कसं? डॉक्टर आधी उपकरण लावून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहतात. मग एक बोट योनीत आणि एक गुदद्वारात घालून गर्भाशयाच्या दोन्ही बाजू चाचपतात. बाजूची ऊती मऊ, हलती लागली तर रोग तिथवर गेलेला नाही. ती दोरखंडासारखी कडक लागली आणि तो कडकपणा थेट हाडाला जाऊन भिडला, तर तिसरी पायरी आली. सोबत मूत्रपिंडाची सोनोग्राफी केली जाते. एमआरआय असेल तर उत्तमच, पण तो नसेल तर पायरी ठरत नाही असं 'फिगो'ने म्हटलेलं नाही; गरीब देशांतल्या दवाखान्यांचा विचार करूनच हाताने करायची तपासणी या मांडणीत टिकवून ठेवली आहे.

पायरी सांगते रोग कुठवर गेला ते. रक्तातलं प्रथिन फार तर सांगेल रोग किती आहे ते. या दोन प्रश्नांत नातं आहे, पण ते एकच प्रश्न नव्हेत. चार सेंटिमीटरची गाठ गर्भाशयमुखातच जाड होऊन बसलेली असू शकते आणि दोन सेंटिमीटरची गाठ बाजूच्या ऊतीत घुसलेली असू शकते. पहिल्या गाठीतून रक्तात जास्त प्रथिन येईल, पण पायरी दुसऱ्या गाठीची वरची. आणि उपचार पायरीवर ठरतो: लवकरच्या पायरीत शस्त्रक्रिया करता येते, बाजूच्या ऊतीत रोग शिरला की रेडिएशन, ज्याला रुग्ण 'शेक' म्हणतात, आणि त्याच्या जोडीला केमोथेरपी. रक्ताच्या थेंबावर तो कुठल्या कोपऱ्यातून आला याचा पत्ता लिहिलेला नसतो. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही सूक्ष्म झालं तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती मोजण्यातली नाही.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून या रोगात सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं प्रथिन घेऊ. १९७७ साली जपानमध्ये काटो आणि तोरिगोए यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून एक प्रथिन वेगळं काढलं. त्यालाच पुढे एससीसी अँटिजेन म्हणू लागले. जवळजवळ अर्धशतकाचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. पहिल्या पायरीचा उत्तरार्ध आणि दुसरीचा पूर्वार्ध यांत ते साधारण २४ ते ५३ टक्के रुग्णांत वाढलेलं आढळतं, तर त्यापुढच्या पायऱ्यांत ७५ ते ९० टक्क्यांत. बायोमार्करचा पुरस्कार करणारे हेच आकडे दाखवून म्हणतात, बघा, पायरीबरोबर प्रथिन वाढतं. वाढतंच. पण हे आकडे उलट दिशेने वाचा. शस्त्रक्रियेने बरं होण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, त्या पायरीवरच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक बायकांचा अहवाल 'सामान्य' येतो. आणि रोग बराच पुढे गेलेल्यांतही चार ते दहा जणींमागे एकीचा अहवाल सामान्यच असतो. समोरच्या कागदावर 'एससीसी : १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर' आणि शेजारी कंसात '१.५ पेक्षा कमी' असं छापलेलं असेल, तर त्या बाईला रोग आहे की नाही, असल्यास पहिल्या पायरीवर आहे की तिसऱ्या, यातलं काहीही त्या कागदावरून म्हणता येत नाही. सरासरी चढते ती शंभर बायकांची. डॉक्टरसमोर बसलेली असते एकच.

शिवाय हे प्रथिन काही कर्करोगाची खासगी मालमत्ता नाही. ते कातडीत असतं, लाळेत असतं, घामात असतं. सोरायसिस, इसब यांसारख्या त्वचारोगांत ते वाढतं. नमुना हाताळणाऱ्याचा घाम किंवा थुंकीचा तुषार नळीत गेला तरी आकडा चढतो. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर ते रक्तात साचतं, आणि इथे एक गंमत आहे. तिसऱ्या पायरीत गाठ मूत्रवाहिनी दाबते, मूत्रपिंड निकामी होऊ लागतं आणि त्यामुळेही आकडा वाढतो. म्हणजे पुढच्या पायरीत दिसणारी वाढ काही अंशी गाठीची असते आणि काही अंशी तुंबलेल्या मूत्रपिंडाची. जे मूत्रपिंड सोनोग्राफीत सरळ दिसतं, त्याची खबर रक्ताकडून आडवळणाने घेण्यात काय हशील?

यावर लगेच उत्तर येतं: एक प्रथिन नसेल पुरेसं, पण आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने एका नमुन्यात हजारो प्रथिनं मोजता येतात, दहा-वीस प्रथिनांचा संच मिळून पायरी सांगेल, आणि बाकीचं काम संगणक करील. हा आक्षेप वजनदार आहे. पण हा प्रयोग एकदा जगासमोर होऊन गेला आहे. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये पेट्रिकॉइन आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्तातल्या प्रथिनांचा 'नमुना' प्रसिद्ध केला. पन्नासच्या पन्नास कर्करोग ओळखले, त्यांत पहिल्या पायरीचे अठराही. कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ जणींना बरोबर वगळलं. अमेरिकेत बाजारात आणायच्या चाचणीची तयारी सुरू झाली. मग टेक्सासच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी जाहीर केलेली मूळ आकडेवारी पुन्हा तपासली. तिच्यात दिसणारा फरक रोगाचा नसून नमुने कसे आणि केव्हा यंत्रात घातले गेले त्याचा असल्याची चिन्हं निघाली. यंत्राने रोग ओळखला होता की कामाचं वेळापत्रक, असा प्रश्न उभा राहिला आणि ती चाचणी बाजारात आली नाही. यात कुणी फसवणूक केली नव्हती. हजार प्रथिनं आणि शंभर बायका घेतल्या, की निव्वळ योगायोगानेही रोगी आणि निरोगी वेगळे करणारं काहीतरी सापडतंच. २००८ मध्ये पेत्राक आणि सहकाऱ्यांनी तर प्रथिनशास्त्रातल्या शोधनिबंधांची झडती घेऊन दाखवलं, की रोग कोणताही असो, प्राणी कोणताही असो, 'बदललेली प्रथिनं' म्हणून तीच ती मंडळी पुन्हा पुन्हा हजर होतात. ती ओरडतात 'शरीरावर ताण आहे' एवढंच.

मराठवाड्यात हा ताण कुठून येतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी असलं की ट्रान्सफेरिन वाढतं. कुठेही जंतुसंसर्ग असला की हॅप्टोग्लोबिन वाढतं. कर्करोग पुढे गेला की रक्तस्राव होतो, रक्तक्षय वाढतो, जखम सडते, संसर्ग होतो; साहजिकच 'पुढच्या पायरीची प्रथिनं' म्हणून बहुतेक वेळा रक्तक्षयाची आणि संसर्गाचीच प्रथिनं हाती लागतात. जिथे निरोगी म्हणवणाऱ्या निम्म्या बायका आधीच रक्तक्षयी आहेत, तिथे अशा संचाने कुणाला कुठल्या पायरीवर नेऊन बसवावं याचा भरवसा नाही. दुसऱ्या देशातल्या एका रुग्णालयातल्या साठ-सत्तर रुग्णांवर बसवलेला संच पैठण किंवा सोयगावच्या बाईला लावायचा असेल, तर आधी त्याने पैठणच्या निरोगी बाईला निरोगी म्हणून दाखवावं.

आणखी एक गोंधळ मुद्दाम वेगळा काढला पाहिजे, कारण सभा-परिषदांत तो सर्रास होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पी१६ या प्रथिनाचा उपयोग निर्विवाद आहे. या रोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं ई७ हे प्रथिन पेशीतला एक लगाम निकामी करतं आणि त्यामुळे पेशीत पी१६ साठत जातं. म्हणून बायॉप्सीच्या तुकड्यावर पी१६चा रंग चढला, की तो बदल खरोखर कर्करोगाकडे चाललेला आहे की साधी सूज आहे हे रोगनिदानतज्ज्ञाला कळतं. पी१६ आणि केआय-६७ अशी दुहेरी रंगचाचणी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये मान्यही केली. पण ही चाचणी पेशींवर होते, रक्तावर नव्हे. आणि ती कर्करोग होण्याआधीच्या बदलाची तीव्रता सांगते, झालेल्या कर्करोगाची पायरी नव्हे. पी१६चं यश दाखवून रक्तातून पायरी ओळखण्याचं स्वप्न विकणं म्हणजे एका वकिलाने जिंकलेल्या खटल्यावर दुसऱ्याने फी घेण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, रक्तातली प्रथिनं पायरीत धरायचीच नाहीत हा निव्वळ हट्ट आहे. वृषणाच्या कर्करोगात तर एएफपी आणि एचसीजी यांची पातळी पायरी ठरवताना अधिकृतपणे धरली जाते. बरोबर आहे, आणि म्हणूनच हा हट्ट नाही. वृषणाच्या काही गाठी ही प्रथिनं मुबलक तयार करतात, निरोगी पुरुषात ती जवळजवळ नसतात आणि त्यांच्या पातळीवर औषधाची मात्रा बदलते. या तिन्ही अटी पाळणारं प्रथिन गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सापडलं तर 'फिगो'ही ते स्वीकारील. १९७७ पासून ते सापडलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. पायरी ओळखण्यावर एवढा जोर देताना एक गोष्ट नजरेआड होते: ही पायरी बदलता येते, आणि ती कशी बदलायची हे जगाला शिकवलं ते मराठवाड्याने. उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९च्या अखेरीपासून तिथल्या गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांत १२७ कर्करोग निघाले आणि नेहमीच्या सेवेच्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांत ११८. संख्येत फारसा फरक नाही. पण दुसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीचे एचपीव्ही गटात ३९ होते आणि नेहमीच्या सेवेच्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंत असा ठळक फरक दिसला नाही. चाचणी नकारात्मक आलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण लाखाला पॅपनंतर १५.५, व्हिनेगरनंतर १६ आणि एचपीव्हीनंतर ३.७ इतकं होतं.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. एचपीव्ही चाचणीला कर्करोगाच्या पायरीतलं काहीही कळत नाही. ती फक्त विषाणू आहे का एवढंच विचारते. तरी तिने पायरी खाली आणली आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. पायरी न वाचणाऱ्या चाचणीने पायरी बदलली. आणि हा पुरावा स्वस्तात मिळालेला नाही. नेहमीच्या सेवेच्या नावाखाली हजारो बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर पुढे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये कडक टीका झाली. ती रास्त होती असं माझं मत आहे. पण त्या बायकांनी मोजलेली किंमत वाया जाऊ द्यायची नसेल, तर त्यांच्यामुळे जे कळलं ते अमलात आणणं हा किमान प्रामाणिकपणा ठरतो. त्याऐवजी २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीने ३० ते ६५ वयासाठी पाच वर्षांतून एकदा व्हिनेगरची पाहणी निवडली. तिलाही आधार होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या टाटा केंद्राच्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दोन वर्षांनी एकदा अशी पाहणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण दोन वर्षांनी एकदा आणि नेमाने, हे त्यातलं मर्म होतं. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झालेल्या भरल्या फक्त १.९ टक्के. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच: शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींपर्यंत कुणी पोचलेलंच नाही आणि चर्चा चालली आहे पोचलेल्या दोघींच्या रक्तातल्या प्रथिनांची.

बार्शीचा दाखला तर याहून साधा आहे. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन लक्षणं विचारत, समजावून सांगत: अंगावरून पांढरं जातंय का, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसतंय का, संबंधानंतर रक्त जातंय का, असेल तर चला. काही वर्षांतच निदान होताना पायरी खाली येऊ लागली. १९९५ मध्ये कस्तुरी जयंत, भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्धही केलं. एकही नवं प्रथिन न शोधता, एकही नवं यंत्र न आणता.

पायरी खाली आणली म्हणजे मृत्यू टळतातच असंही नाही, आणि हा धडा नेमका प्रथिनानेच दिला आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात एका गटावर अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनावर आधारलेली तपासणी करून पाहिली. २०२१चा अंतिम अहवाल सांगतो, की पहिल्या-दुसऱ्या पायरीत सापडणारे कर्करोग ३९ टक्क्यांनी वाढले, चौथ्या पायरीतले सुमारे पावपट घटले आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. उस्मानाबादेत मृत्यू घटले याचं कारण तिथे कर्करोग होण्याआधीचा बदल सापडत होता आणि तो गावाजवळच्या टेबलावर दहा-पंधरा मिनिटांत गोठवून किंवा कापून टाकता येत होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला हे वरदान आहे. तो वर्षानुवर्षं तयारी करतो आणि तयारी चालू असताना डोळ्यांना दिसतो. ज्या रोगाची आधीची अवस्था पकडता येते, त्याची नंतरची पायरी रक्तात शोधत बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

लाजेचा मुद्दा मी हलका मानत नाही. आतून तपासणीला बायका बिचकतात, घरचे अडवतात, टेबलावर चढायचं म्हटलं की अर्ध्या उठून जातात, हे खरंच आहे. पण रक्ततपासणीने ते टेबल चुकत नाही. रक्तात काही सापडलं तरी पुढे तुकडा काढावाच लागतो, पायरी बोटांनी चाचपावीच लागते आणि रेडिएशनचा एक भाग तर आतूनच द्यावा लागतो. टेबल खरोखर चुकवते ती एचपीव्ही चाचणी, कारण तिच्यासाठी बाई स्वतःच आडोशाला जाऊन छोट्या ब्रशने नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देताना स्वतः घेतलेला नमुनाही चालतो असं म्हटलं आहे. उस्मानाबादच्या अनुभवाप्रमाणे दहातल्या नऊ जणींचा निकाल नकारात्मक येतो, आणि त्यांना पुढची काही वर्षं टेबलाजवळ जायचंच कारण नाही.

लाजेइतकीच भीतीही मोजली पाहिजे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली; हे २०१९ साली शासनाच्या समितीसमोर आलं. कित्येकींना 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेल्याचं तेव्हा पुढे आलं होतं. तिथे कुणाच्या हातात अहवालाचा कागद नव्हता, निव्वळ शब्दांवर शस्त्रक्रिया झाल्या. आता त्याच गावात 'कर्करोग प्रथिन संच' अशा नावाचा छापील कागद आणि त्यावर लाल अक्षरात चढलेला एक आकडा पोचला, तर काय होईल याची कल्पना करायला तज्ज्ञ लागत नाही. गणितही करून पाहू. समजा एक लाख स्त्रियांत २० जणींना कर्करोग आहे आणि चाचणी फार चांगली आहे: शंभरातले नव्वद कर्करोग पकडते आणि निरोगी शंभरात फक्त पाच चुकते. ती १८ खऱ्या रुग्णांबरोबर सुमारे ५,००० निरोगी बायकांनाही रुग्ण ठरवील. एचपीव्ही चाचणीतही दहा टक्के सकारात्मक निघतात हे मान्य, पण त्या जणींना 'तुम्हाला विषाणू आहे, एकदा पाहून घेऊ' असं सांगितलं जातं. 'तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात' असं कुणी सांगत नाही.

म्हणजे प्रथिनांचं संशोधन बंद करायचं का? अजिबात नाही, त्याला त्याची खरी जागा द्यायची. एससीसी अँटिजेन निदानाच्या वेळी वाढलेलं असेल, तर उपचारानंतर ते उतरतं का आणि पुन्हा चढतं का हे पाहण्यासाठी ते आजही उपयोगी आहे. रोग उलटण्याची चाहूल कधी कधी लक्षणांच्या काही महिने आधी त्यातून लागते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून बायका उपचाराला येतात. उपचार संपल्यावर पुन्हा दाखवायला येणं त्यांतल्या अनेकींना परवडत नाही. त्यांचं रक्त तालुक्याच्या गावी काढून, आकडा चढला तरच शहरात बोलवायचं, यावर एखादा नीट आखलेला अभ्यास झाला तर तो या भागाच्या कामाचा ठरेल. या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कर्करोगाची नोंदणी १९७८ पासून आहे. उपचाराला कोण येतं, कोण गळतं, कोण कधी दगावतं हे तिच्याशी जोडून पाहता येईल. इथल्या बायकांचे नमुने, इथला प्रश्न आणि इथेच तपासलेलं उत्तर अशा संशोधनाला विरोध कोण करील? विरोध आहे तो पायरी ओळखणारी रक्ततपासणी येईपर्यंत थांबा, या सुप्त संदेशाला. टाटा केंद्राने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या पायरीच्या ८५० बायकांवर रेडिएशन आणि केमोथेरपीचा अभ्यास केला. दोन्ही उपचार मिळालेल्यांतही पाच वर्षं जगल्या त्या ५४ टक्के. देशातल्या नामांकित केंद्रात, ठरल्याप्रमाणे पूर्ण उपचार घेऊन हा निकाल. ती पायरी अचूक ओळखली म्हणून उरलेल्या ४६ टक्क्यांचं काही बदललं नसतं; बदललं असतं ते दहा वर्षं आधी कुणी त्यांच्या दारात नमुन्याचा ब्रश घेऊन गेलं असतं तर.

'यंत्रं कुठून आणायची' हा शेवटचा आक्षेप आता पूर्वीइतका उरलेला नाही. क्षयरोगाच्या निदानासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रं ठिकठिकाणी बसली आहेत आणि एचपीव्हीसाठीही त्याच यंत्रावर चालणारी चिप निघाली आहे. पेठेतली प्रयोगशाळा प्रथिनसंचासाठी जे पैसे मागेल, त्याच्याशी तुलना करून एकदा या चाचणीचा खर्च मांडून पाहावा. माणसांचं म्हणाल तर उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, गावात आशाताई आहे. अडलं आहे ते कुणाला कधी बोलवायचं, सकारात्मक निघाल्यावर कुठे पाठवायचं आणि ती पोचली का हे कुणी पाहायचं, इथे.

आणि हे ठरवण्याचं ठिकाण कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत नाही. ते छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, जिल्हा परिषदेत आहे. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं तिच्या अखत्यारीत येतात. माझी मागणी एवढीच आहे, की आरोग्य विभागाने दर वर्षी चार आकडे तालुकावार जाहीर करावेत: तिशी ओलांडलेल्या किती जणींची तपासणी झाली, किती जणी सकारात्मक निघाल्या, त्यांतल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले, आणि कर्करोग निघालेल्या किती जणी दुसऱ्या किंवा वरच्या पायरीवर सापडल्या. उस्मानाबादच्या अभ्यासात हे चारही मोजले गेले होते, आणि त्याचा निकाल २ एप्रिल २००९ रोजी छापून आला.